संशयितांची बादली

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका संशयी माणूस कृष्णा आणि कावेरी या दोन नद्यांमधल्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि होणारही नाही; कारण तसा कुणी व्हायला निघालाच तर काका त्याच्यावरच संशय घेऊन त्याला वेळीच थांबवतील. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. बाकीची माणसं निवृत्त होताना खातं तिथेच ठेवून येतात, काका ते घरी घेऊन आले. राजाजीनगरातल्या त्यांच्या घरात नारळ आला की तो आधी कानाशी जातो, मग नाकाशी, मग खिडकीच्या उजेडाशी, आणि एवढं करून फोडल्यावर चांगला निघालाच तर काका म्हणतात, "हा चुकून आला असणार." दुधाची पिशवी ते उलटी धरून तिची शिवण बघतात. पंचांगात सूर्योदयाची वेळ छापलेली असते, ती गच्चीवर जाऊन ताडून बघतात. रिक्षात बसले की मीटरकडे न बघता रिक्षावाल्याच्या मानेकडे बघत बसतात, कारण लांबून नेणारा माणूस वळणाच्या आधी मान ताठ करतो असा त्यांचा सिद्धांत आहे. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेला नाही. फार खूश असले तर "तूर्तास ठीक."

त्यांचं लग्नही या तपासणीपायीच राहिलं. धारवाड, हुबळी, बेळगाव मिळून अकरा मुली त्यांनी पाहिल्या आणि एकीलाही नकार दिला नाही, नुसता निर्णय राखून ठेवला. आता मुलींनी तरी बिचाऱ्यांनी किती थांबायचं? त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, एकीचा नातू अमेरिकेत शिकतोय म्हणे. काकांचा निर्णय अजून राखूनच आहे. माझी बायको लहानपणापासून त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली, त्यामुळे तीच त्यांची लेक आणि मी त्यांचा एकुलता एक जावई. लग्न ठरायच्या आधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "बूट काढा," म्हणाले. मी काढले. त्यांनी एक उचलला, उलटा केला, खिशातलं भिंग लावून टाच पाहिली आणि म्हणाले, "बाहेरच्या अंगानं झिजलीय. घाईचा माणूस. तूर्तास ठीक." मी पुण्याचा, मला अपमान चटकन कळतो, पण गंमत अशी की अक्षता पडल्या त्या दिवसापासून काकांनी मला तपासायचं साफ बंद केलं. जावयाची खोट काढायची नसते अशी त्यांच्याकडची जुनी रीत. मी मात्र त्याचा अर्थ असा घेतला की चला, या माणसानं जगात एकावर तरी विश्वास ठेवला. माणूस स्वतःच्या बाबतीत किती भोळा असतो बघा!

माशांचं खूळ डॉक्टरांमुळे आलं. रक्तदाबासाठी डॉक्टर म्हणाले, घरात मासे ठेवा, बघत बसा, मन शांत होतं. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही त्या घरात मासे यायला निघाले, ही एक गोष्ट झाली. पण दुसरी त्याहून भारी. दुकानदारानं साधी, गोड्या पाण्याची टाकी दाखवली तर काका म्हणाले, "गोडं पाणी नको. गोड्या पाण्यात जंतू होतात. मला मिठाच्या पाण्याची टाकी दाखवा. नीट मीठ घातलेल्या लोणच्याला कधी अळी लागलेली पाहिलीत?" दुकानदार हसला असणार, आणि तो का हसला हा संशय काकांना तेव्हा यायला हवा होता. आयुष्यात एकदाच चुकला माणूस, तोही लोणच्यावर विसंबून.

कारण मिठाच्या पाण्याची टाकी म्हणजे नुसतं मीठ आणि मासे नव्हे. तिच्यात समुद्रातले दगड लागतात, आणि दुकानदार त्यांना 'जिवंत दगड' म्हणतात. काकांना वाटलं ही विकायची भाषा. घरी आणून आठ दिवस झाले तर कळलं की दुकानदारानं अक्षरशः खरं सांगितलं होतं. त्या दगडांतून केसाळ अळ्या निघाल्या, चपटे किडे निघाले, चहाच्या पत्तीएवढे खेकडे निघाले, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते तपकिरी, नाजूक, छोट्याशा ताडाच्या झाडासारखं दिसणारं एक प्रकरण निघालं. तो प्राणीच असतो, पण दगडाला चिकटून झाडासारखा उगवतो. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारतो आणि ओरबाडून काढायला गेलात तर त्याच्या तुकड्यांचे दहा होतात. त्याचं इंग्रजी नाव काकांनी एकदा उच्चारलं आणि सोडून दिलं. ते त्याला गाजरगवत म्हणतात. त्यावरचं परदेशी औषध दुकानदारानं दिलं तेव्हा काकांनी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली आणि दुकानातच ओरडले, "अहो, हा तर आपला चुना!" लहानपणी आजी मुलांना चुन्याची निवळी पाजायची तोच. मग काय, घरीच चुना घट्ट कालवायचा, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरायचा, आणि रोज आंघोळ झाली की टाकीचा पंप बंद करून एकेका गाजरगवताच्या तोंडात एकेक थेंब सोडायचा. गाजरगवत आक्रसून दगडात शिरलं की काका खाली बसून त्याची नोंद करत.

या कामात टॉर्च धरायला असायची अक्का. अक्का म्हणजे त्यांच्याकडे बावीस वर्षं स्वयंपाक आणि घरकाम करणारी बाई. सकाळी सातला येणार, दुपारी तीनला जाणार. मराठी ती या घरातच शिकली, आणि काकांशी भांडता भांडता शिकली त्यामुळे फार खणखणीत बोलते. काकांचा संशय तिनं भाजीतल्या मिठासारखा गृहीत धरला होता. ते फरशी पुसायच्या बादलीत वाकून बघायचे, ती म्हणायची, "बघा सार, स्वल्प चष्मा लावून बघा, आत मगर आहे." ते डब्यातली साखर बघायचे, ती म्हणायची, "मी खाल्ली. बरोब्बर दोन दाणे." दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही राहतो बेळ्ळंदूरला, म्हणजे एकाच गावात. पण रिंग रोडचा ट्रॅफिक धरला तर राजाजीनगरपेक्षा पुणं जवळ पडतं. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा जाणार. बाकी सगळी काकांची दुनिया म्हणजे ती टाकी आणि ती बाई.

दगडांनी एकदा फसवल्यावर काकांनी नियम केला. बाहेरून येणारी कुठलीही वस्तू सरळ टाकीत जायची नाही. व्हरांड्यात एक मोठी निळी बादली ठेवली, तिला छोटा पंप, वर दिवा, आणि बादलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: संशयित. मासा असो, गोगलगाय असो, प्रवाळाचा नखाएवढा तुकडा असो, चाळीस दिवस तिथे. काका रोज वाकून बघणार. "पोटात जे असतं ते चाळीस दिवसांत बाहेर येतं, जावईबापू. माणसाचंसुद्धा." टाकीतल्या माशांना त्यांनी नावं दिली नाहीत, नंबर दिले. नग एक आणि नग दोन म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी. नग तीन पिवळा. चार आणि पाच निळे, सदा घाबरलेले. सगळे चाळीस दिवस भोगून आलेले, स्वच्छ शेऱ्याचे.

आणि मग मी गेलो मालवणला, मित्राच्या लग्नाला. तिथे एका होडीवाल्यानं जाळ्यात आलेला कालवांचा एक गड्डा दाखवला. रिकाम्या शिंपल्या एकमेकींना चिकटून झालेला, बशीएवढा, सगळीकडे भोकंच भोकं. मला वाटलं, काकांच्या माशांना लपायला काय सुंदर घर होईल! समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर धरून मी तो बेंगळुरूपर्यंत आणला. काकांनी दोन्ही हातांत घेतला. अक्का शेजारीच उभी होती, ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. काकांनी खिशात हात घातला, भिंग अर्धं बाहेर आलं, आणि पुन्हा आत गेलं. "जावईबापूंनी आणलाय," एवढंच म्हणाले आणि गड्डा सरळ टाकीत सोडला. मी तेव्हा फुशारलो होतो, खोटं कशाला सांगू.

आठवडाभरानं नग पाच गायब झाला. मेलेला मासा तरंगतो, सापडतो. हा सापडलाच नाही. मग गोगलगायी फुटलेल्या दिसायला लागल्या. मग नग चार. आणि टाकीतून मधूनच आवाज यायला लागला, टक्. काचेवर नाणं मारावं तसा. काकांचा रक्तदाब, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, तो त्या टक्‌बरोबर वर जायला लागला. त्यांनी दुकानदारावर संशय घेतला, शेजारच्या मांजरावर घेतला, वीज मंडळावर घेतला. समोरच्या घरातल्या तबला शिकणाऱ्या मुलीवरही एक दिवस घेतला. मला फोनवर सगळी यादी वाचून दाखवायचे. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचे, आणि मीही शहाण्यासारखा मांजराच्या बाजूनं बोलायचो. यादीत माझं नाव नव्हतं. कालवांच्या गड्ड्याचंही नव्हतं. मला ते खटकायला हवं होतं, पण नाही खटकलं.

नग तीन गेला त्या बुधवारी सकाळी मी तिथेच होतो. काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आधी म्हणाले, "काचेवर बांगड्या वाजवतेस का तू?" अक्का म्हणाली, "वाजवते की. रोज आरती करते माशांची." इथवर नेहमीचंच होतं. मग म्हणाले, "फरशीचं फिनेल टाकीत उडालं का?" ती म्हणाली, "इल्ला, नाही." आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले. "तुम्ही लोक मासे खाता ना?"

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, एक बाकी होती. अक्कानं गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. "खाते सार. रविवारी खाते. पण अंगठ्याएवढा मासा घेऊन काय करू? मसाला वाया जाईल." तिनं आपली पिशवी घेतली, चपला घातल्या आणि गेली. मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. काका म्हणाले, "उद्या येईल." ती आली नाही. परवाही नाही, तेरवाही नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो तर घराचं रूप पालटलेलं. टेबलावर ब्रेडचे पुडे. ओट्यावर तसाच कुकर, झाकण न उघडलेला, त्याच्याकडे जायला मलाही भीती वाटली. काका दाढी न करता बसलेले. डॉक्टरांनी मिठावर बंधन घातलेलं आणि हे हॉटेलातला सांबार मागवून खात होते. गोळ्यांच्या डबीत बुधवारपासूनच्या गोळ्या तशाच. आठवणीनं द्यायची तीच ना! मी म्हटलं, "काका, अक्काला फोन करा." तर म्हणाले, "पुरावा मिळू दे. पुराव्याशिवाय कसं बोलणार?" सगळ्या जगावर पुराव्याशिवाय बोलत आलेला माणूस आज माफी मागायला पुरावा मागत होता. मला राग आला आणि रडूही आलं.

पुरावा त्याच दुपारी मिळाला. काकांनी टाकीवर काळी चादर घातली, टॉर्चला आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद बांधला, कारण लाल उजेड म्हणे समुद्रातल्या या लोकांना दिसत नाही, आणि आम्ही दोघं चादरीखाली डोकी घालून बसलो. घामानं निथळलो. तासाभरानं टक्. आणि माझ्या कालवांच्या गड्ड्यातल्या एका भोकातून दोन डोळे बाहेर आले. हिरव्या अंगाची, करंगळीएवढी कोळंबी, पण पुढे मुठी वळलेल्या. डोळे देठांवर, एक इकडे बघतो, एक तिकडे. ती आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, मग वर, खात्री पटल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. अशी संशयी नजर मी एकाच माणसाची पाहिली होती आणि तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. समोर एक शिंपला होता, तिनं मूठ मारली, टक्, शिंपला फुटला.

मी वाट बघत होतो. काका आता म्हणणार, हा तुमचा गड्डा. ते चादरीतून बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुठून आली कुणास ठाऊक." नारळ कुठल्या झाडाचा हे विचारणारा माणूस म्हणत होता कुणास ठाऊक! मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नग पाच गेला तेव्हापासून ठाऊक होतं. पण जावयाचं नाव घ्यायचं कसं? आणि चोर तर कुणीतरी हवाच.

कोळंबी बाहेर कशी काढायची हेही काकांना माहीत होतं. कोपऱ्यावरून गोटी सोड्याची बाटली आणवली, गड्डा उचलून परातीत ठेवला आणि भोकात सोडा ओतला. आतून फेस आला, आणि फेसामागून बाईसाहेब आल्या. मी चप्पल उचलली होती. काका म्हणाले, "थांबा. तिचा काय दोष? तिला आणलं तिथे ती राहिली." आणि तिला निळ्या बादलीत सोडलं. मग कपडे बदलून आले. "चला," म्हणाले.

अक्काचं घर मागच्याच गल्लीत, पाच मिनिटांवर. बावीस वर्षांत काका तिथे कधी गेले नव्हते, मलाच पत्ता विचारत जावं लागलं. ती दारात तांदूळ निवडत होती. उठली नाही. काका उभे राहिले, घसा साफ केला, गल्लीतल्या सगळ्या गोष्टी एकेक करून बघितल्या. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, तो किडा मी आणलेल्या गड्ड्यातून आला."

"गोत्तु," ती म्हणाली. म्हणजे ठाऊक आहे. "तेव्हाच मी सारना सांगितलं, बादलीत ठेवा. ते म्हणाले, बेडा, नको, जावयानं आणलंय." तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्यावर रोज संशय घेतात, मी कधी रागावले? घेऊ दे. सवय आहे त्यांची. पण घरात येणारे आपण दोघं होतो. तुम्ही चार दिवसांचे. तुम्ही सरळ आत, आणि मी बावीस वर्षं बादलीत?"

मी खाली बघायला लागलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि त्या गल्लीत, चार बायका बघत असताना, त्यांनी मला झाडायला सुरुवात केली. "अक्कल आहे का तुम्हाला? भोकं पडलेली वस्तू, आत काय आहे न बघता आणता? बसमध्ये मांडीवर घेऊन? तुमचे बूट बघितले तेव्हाच मला कळलं होतं, घाईचा माणूस! तीन मासे गेले तुमच्यापायी! फोनवर मांजराचं नाव घेत होता, लाज नाही वाटली?" मराठी संपल्यावर कन्नड सुरू झालं, आणि ते मला कळत नाही हे बरं झालं. लग्नानंतर सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची बोलणी खात होतो. पाच मिनिटं चाललं. अक्का सगळं ऐकत होती. मग तिनं पदर खोचला. "बास सार. तुमचं डोकं चढेल. गोळी घेतली का?" काका म्हणाले, "नाही." ती चपला शोधायला आत गेली. मी इतक्या शिव्या खाऊन इतका खूश कधीच झालो नव्हतो.

याला आता दोन वर्षं झाली. कोळंबी अजून आहे, अक्का तिला खायला घालते आणि तिच्याशी कन्नड बोलते. नग एक आणि दोन आहेत. गेल्या वर्षापासून काकांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे. कडेचं दिसतं, मधलं धूसर होतं. जे. पी. नगरच्या डॉक्टरांकडे मी दर महिन्याला नेतो, ते म्हणतात आहे तेवढं टिकवू. भिंगाचा आता उपयोग नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा काका टाकीसमोर खुर्चीत बसले होते आणि अक्का काचेला नाक लावून बघत होती.

"गाजरगवत?" काकांनी विचारलं.

"इल्ला सार. एकपण नाही."

मी मागे उभा होतो. डाव्या बाजूच्या दगडावर मला सात-आठ तरी दिसत होती, चांगली वाढलेली. अक्कानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते आंघोळीला गेले की आम्ही दोघं ते काम उरकणार होतो, ती टॉर्च धरणार, मी सिरिंज. ते नेहमीचंच झालंय.

"सरी, ठीक आहे," काका म्हणाले आणि मान मागे टेकून समोर बघत राहिले. कुठल्या बाजूनं बघितलंस, दिवा लावून बघितलंस का, काही नाही. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मी बराच वेळ त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो.